आधी पक्षी, मग सुई

सिवेमाबीबीला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच दवाखान्याच्या पायरीवर. खाडीकाठच्या मिकोकोनी गावात मला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी दार उघडायला गेलो तर आठ-दहा रोगी एका बाईभोवती कोंडाळं करून बसलेले, आणि ही बाई एकेकाची पापणी खाली ओढून बघत होती. एकाला म्हणाली, "तू घरी जा. तुला काही धाड भरलेली नाही, काल लग्नात हात आवरला नाहीस एवढंच." शेजारच्या गरोदर बाईला म्हणाली, "तू मात्र बस. तळहात बघ कसे पांढरेफटक पडलेत. रक्त नाही अंगात. याच्याकडून लोहाच्या गोळ्या घे, आणि चहाबरोबर घेऊ नकोस, नंतर घे."

'याच्याकडून' म्हणजे माझ्याकडून. मी तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन, सरकारी शिक्क्याचा कागद खिशात घालून आलो होतो. माझ्या आधीच माझी ओपीडी उरकत आली होती.

"आपण कोण?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"मी सिवेमा. आणि तू तो नवा डाक्टर. डोंगरातला ना? कळतंच. आमच्याकडे एवढी बटणं लावून कोणी फिरत नाही रे, वितळशील."

सगळे खो खो हसले. आम्ही इरिंगाकडची माणसं थंड हवेत वाढलेली, आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर कोणी असं हसत नाही. माझं टाळकंच सरकलं. मी सगळ्यांना पायरीवरून उठवलं आणि रांगेत उभं केलं. रांगेतही ते तिच्याकडेच बघत राहिले.

ती याच खाडीच्या काठी जन्मली. झाडपाल्याची विद्या तिला आत्याने दिली, बाळंतपणं करायलाही आत्यानेच शिकवलं. नवरा खारफुटीची लाकडं तोडून गलबतावर भरायचा. एकदा त्या लाकडांबरोबर झांझिबारला गेला आणि तिकडेच दुसरं लग्न करून राहिला. लोक सांत्वनाला आले तर ही म्हणाली, "जाऊ दे, रोज पाठ चोळून घ्यायचा, एक रोगी कमी झाला." मोसी नावाच्या एकुलत्या एका मुलीला तिने एकटीने वाढवलं. वाचता येत नव्हतं, पण गावात कोणाला काय दुखणं कोणत्या हंगामात झालं होतं हे तिला विचारावं. माझ्या रजिस्टरपेक्षा तिची आठवण पक्की होती, हे मला कबूल करायला दोन वर्षं लागली.

तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? गावात शिडं शिवणारे पाझीआजोबा होते. रक्तदाब एवढा, की यंत्राचा पट्टा सोडताना मलाच धडकी भरायची. त्यांना मी महिनाभर समजावलं की आजोबा, हा आजार दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत रक्तवाहिन्या खराब करतो, म्हणून गोळी रोज घ्यायची. आजोबा मान डोलवायचे आणि डोकं दुखेल त्याच दिवशी गोळी घ्यायचे. सिवेमाबीबी एकदा त्यांच्या दारावरून जाता जाता म्हणाली, "आजोबा, शिडाचे टाके तुम्ही कधी बघता हो? किनाऱ्यावर की वादळात?" दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या गोळ्या वेळेवर संपायला लागल्या. माझा महिना पाण्यात गेला आणि हिचं एक वाक्य पुरलं. जुलाबांचंही तेच. मी साखर-मिठाच्या पाण्याची चित्रं भिंतीवर लावली, ही आधीपासूनच शहाळ्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून पोरांना घोटघोट पाजत होती.

मग आमचं वाजलं कुठे? एकाच आजारावर. देगेदेगेवर.

आमच्या किनाऱ्यावर लहान पोराला ताप येऊन आकडी आली, डोळे फिरले, हातपाय झटकायला लागले, की कोणी मोठ्याने ओरडत नाही. बायका कुजबुजतात. आभाळातून एक मोठा पक्षी जातो, त्याची सावली पोरावर पडते आणि पोर त्याच्या पंखांसारखं फडफडतं, तेच देगेदेगे. त्यावर सिवेमाबीबीचा उपचार ठरलेला. पाल्याच्या पाण्याने तीन दिवस आंघोळ, हत्तीच्या वाळक्या शेणाची धुरी, मनगटाला काळी चिंधी. तीन दिवसांनी ती स्वतःच सांगायची, "पक्षी गेला. आता नुसता ताप उरलाय, तो डाक्टरचा. जा, सुई घे." ती दवाखान्याच्या विरोधात कधीच नव्हती. तिचा हट्ट एकच होता. आधी पक्षी, मग सुई. पक्षी अंगात असताना सुई टोचली तर पोर मरतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण सगळ्यांनी तसं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी काय करत होतो? ओरडत होतो. पोर घेऊन आई दारात आली की माझा पहिला प्रश्न, "त्या बाईकडे जाऊन आलीस ना?" आई 'नाही' म्हणायची. आकडी आली होती का? 'नाही.' ताप कधीपासून? 'आजच.' मनगटावरची काळी चिंधी अंगाभोवती गुंडाळलेल्या कांग्याच्या पदराखाली झाकून ती माझ्याशी खोटं बोलायची, कारण खरं बोललेल्या बायकांना मी सगळ्यांसमोर झापलं होतं. माझ्या तोंडामुळे मला कधीच कळलं नाही की पोर नेमकं किती दिवस तापतंय. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या पावसाळ्यात चौसिकूचा शोमारी आला. चौसिकू म्हणजे नारळ सोलणाऱ्या बायकांतली एक तरणी पोरगी, तिचं हे पहिलंच. पोर तीन वर्षांचं, अंगाने लुळं पडलेलं, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळा उघडेना. मी क्विनीनचं इंजेक्शन दिलं. तासाभरात ते पोर आईच्या मांडीवरच दगावलं. चौसिकूने रडण्याआधी माझ्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं, डाक्टरच्या सुईने शोमारीला मारलं. पुढचे पंधरा दिवस एकही तापलेलं पोर माझ्याकडे आलं नाही.

मी तडक सिवेमाबीबीच्या अंगणात गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"तुम्ही मारलंत त्याला," मी म्हणालो.

"माझ्या अंगणातून चालत्या श्वासाने गेला तो. तुझ्या दवाखान्यात मेला. माझ्याकडे एक पोर मेलेलं दाखव."

"मरायला टेकलं की माझ्याकडे पाठवता, मग तुमच्याकडे कसं मरेल? तीन दिवस त्या पोराच्या रक्तात हिवताप वाढत होता!"

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता हे सूप डोक्यात बसतंय. पण ती म्हणाली, "तुझं ते मोठं पुस्तक आण."

मी रजिस्टर आणलं. तिने पोरांची नावं एकेक करून सांगायला सुरुवात केली, आईचं नाव, घर, ताप कधी चढला, आकडी कधी आली, आंघोळी किती झाल्या. मी पानं उलटून सांगत गेलो, हे वाचलं, हे गेलं. दोन वर्षांतली चाळीसेक पोरं निघाली. जी पहिल्या दिवशी माझ्याकडे आली, ती जवळजवळ सगळी वाचली होती. तीन आंघोळी करून आलेल्यांतली निम्मी गेली होती. मी विजयी मुद्रेने रजिस्टर मिटलं.

"झालं?" ती म्हणाली. "अरे डोंगऱ्या, पहिल्या दिवशी तुझ्याकडे आली त्यांना पक्षी नव्हताच. नुसता ताप होता. ती वाचणारच की. पक्षी असलेलं एक तरी पोर पहिल्या दिवशी तुझ्याकडे आलंय का? दाखव."

मी पुन्हा पानं उलटली. एकही नव्हतं. आकडी आलेलं प्रत्येक पोर आधी तिच्याकडे गेलं होतं. माझ्या पुराव्याला बैलगाडी जाईल एवढं भोक होतं आणि ते निरक्षर म्हातारीने बसल्या जागी दाखवलं. मी रजिस्टर काखोटीला मारून उठलो. जाताना तिने विचारलं, "पक्षी नसेल तर मग पोर फडफडतं कशाने?" मी म्हणालो, "डास चावला की त्याच्या थुंकीतून एक जंतू रक्तात जातो. रक्ताच्या तांबड्या कणांत शिरून तिथे वाढतो आणि कण फोडतो, म्हणून पोर पांढरं पडतं. त्याने तापही चढतो. जंतू भरलेले कण मेंदूच्या बारीक नळ्यांत अडकले की आकडी येते, बेशुद्धी येते. नुसत्या तापानेही लहान पोराला आकडी येते, ती बहुतेकदा सोपी असते. पण कोणती सोपी आणि कोणती जीवघेणी, हे घरात बसून कळत नाही."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्यानंतर महिनाभराने, एका शुक्रवारी, सकाळी दहाचा सुमार. मी पायरीवर उभा होतो. गल्लीच्या टोकाकडून बायकांचा घोळका येताना दिसला, आणि एवढ्या बायका असून आवाज नाही. सगळ्यांच्या पुढे सिवेमाबीबी, तिच्या दोन्ही हातांवर नूरू. नूरू तिची नात, मोसीची मुलगी, दोन वर्षांची. पोर झटके देत होतं.

"पहाटे तापली," ती धापा टाकत म्हणाली. "दोनदा ओकली. आता अंगणात आकडी आली. आंघोळ घातलेली नाही. धुरी दिलेली नाही. हे तुझं पहिल्या दिवसाचं पोर."

मागे अर्धं गाव उभं होतं. ही पोर माझ्या टेबलावर गेली तर या किनाऱ्यावर पुढची कित्येक वर्षं एकही आई आकडीवालं पोर घेऊन माझी पायरी चढणार नाही, हे मला माहीत होतं. आणि गावाला पक्ष्यापासून वाचवणाऱ्या बाईने स्वतःची नात मारली असंही म्हटलं गेलं असतं. तिलाही ते माहीत होतं.

एक बाई पोरीच्या दातांत चमचा घालायला धावली. मी तिचा हात धरला. "तोंडात काही घालायचं नाही. दात तुटतील, श्वास अडकेल. असं कुशीवर ठेवा, लाळ बाहेर पडू दे." या वेळी मी ओरडलो नाही. झटके थांबेनात, तेव्हा आकडीचं औषध गुदद्वारातून दिलं. दोनेक मिनिटांत हातपाय सैल पडले. मी क्विनीन भरून घेतलं.

तेवढ्यात मोसी धावत आली. ती खाडीवर शिंपल्या वेचायला गेली होती, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. माझ्या हातातली सुई बघून तिने दारातच किंकाळी फोडली. "आई, सुई नको! आई, तुझ्या पाया पडते, आधी आंघोळ घाल! शोमारीचं काय झालं ते बघितलंस ना?"

सिवेमाबीबीने माझ्याकडे पाहिलं. "वाचेल?"

"खात्री देत नाही. पण पहिल्या दिवशी आलेलं पोर सहसा माझ्या हातून जात नाही. वाट बघितली तर जाईल."

ती मोसीकडे वळली. "तुझी पोर आहे, हक्क तुझा. पण गावातल्या आयांना मी आजवर जे सांगत आले ते खरं की खोटं, हे मला ठाऊक नाही गं. मोसी, मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी मी नूरूला तीन दिवस थांबवणार नाही."

मोसी भिंतीला टेकून खाली बसली. तोंडात कांग्याचा बोळा कोंबून तिने मान हलवली, हो म्हणून.

सिवेमाबीबीने पोरीची मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "टोच," ती म्हणाली.

मग वाट बघणं. क्विनीनने रक्तातली साखर उतरते, आणि उपाशी, ओकणाऱ्या पोराची तर आधीच उतरलेली असते, म्हणून मी जिभेखाली ओली साखर थोडी थोडी ठेवत राहिलो. बीबी कोमट पाण्याने अंग पुसत राहिली. "साखर कशाला?" "मेंदूला तीच लागते." "आणि थंड पाणी का नको?" "हुडहुडी भरते, आतून ताप अजून चढतो." तिने तेवढ्यातही सगळं विचारून घेतलं. दुपारची अजान झाली. पायरीवरची एकही बाई हलली नाही. तिसऱ्या प्रहराला नूरूने लघवी केली, आणि मला एवढा आनंद झाला की मी ते मोठ्याने जाहीर केलं. ऊन कलायच्या सुमाराला तिने डोळे उघडले, आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पेज."

बाहेर बायकांनी असा काही गलका केला की पाझीआजोबा शीड टाकून धावत आले.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गाव ते गाव. चार दिवसांत मला कळलं की लोक म्हणतायत, सिवेमाबीबीने मांडी धरली होती म्हणून सुई बाधली नाही. तिच्या हातात ती ताकद आहे. आकडी आलेली पोरं माझ्याकडे यायला लागली खरी, पण बीबीला सोबत घेऊन, मांडी धरायला. मला काय, मी खूश. मी तिला म्हणालो, "असू दे ना. पोरं पहिल्या दिवशी येतायत, झालं तर."

"आणि मी मेले की?" ती खेकसली. "मग कोणाची मांडी कोण धरणार? हे खोटं आहे, डाक्टर. आधीचं मला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे."

तरी तिने पावसाळा संपेपर्यंत तोंड मिटून ठेवलं. नुसती मोजत राहिली. अकरा पोरं आकडी घेऊन त्याच दिवशी आली. दहा वाचली. एक गेलं, आणि त्या दिवशी ती माझ्या पायरीवर बसून राहिली, मला वाटलं आता ही उलटणार. ती म्हणाली, "अकरात एक. माझ्याकडे निम्मी जायची." मग उठून कांगा झटकला. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"चौसिकूकडे."

शोमारी गेल्यापासून चौसिकूने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तेव्हा ती पोटुशी होती, बाळंतपणालाही माहेरी गेली. मी म्हणालो, "बीबी, कशाला? पोर परत येणार आहे का? तिला सुईचा राग आहे, तो माझ्यावर राहू दे. मला सवय झाली."

"तुझी सवय काय चाटायची आहे? तिच्या घरात दुसरं पोर आहे."

चौसिकू अंगणात खोबरं खवत बसली होती. तिने आम्हा दोघांना एकत्र पाहिलं, पण 'या' म्हणाली नाही. सिवेमाबीबी तिच्यासमोर जमिनीवर बसली. ही बाई कोणाच्या अंगणात चटईशिवाय बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी उभाच राहिलो.

"चौसिकू, शोमारीला याच्या सुईने मारलं नाही," ती म्हणाली. "त्याला सुई पहिल्या दिवशी मिळाली असती तर बहुतेक जगला असता. तीन दिवस मी थांबवलं. चूक माझी होती."

खोबऱ्याची खवणी चालूच राहिली. मान वर न करता चौसिकू म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते. दवाखान्यात नेऊ का, म्हणून. तुम्ही माझं मनगट धरलंत."

"हो. धरलं."

"मला वाटत होतं मीच उशीर केला. डाक्टरला सांगितलं, आजच ताप आलाय. मी खोटं बोलले म्हणून त्याने चुकीचं औषध दिलं असेल, असं वाटायचं मला. रोज वाटायचं."

मला बोलणं भाग होतं. "औषध तेच दिलं असतं," मी म्हणालो. "तू खोटं बोललीस कारण मी ओरडायचो. तुझी काहीच चूक नाही. तू पहिल्याच दिवशी बरोबर बोलली होतीस, आणि ऐकून घेणारं कोणी नव्हतं. मीही नव्हतो."

तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं अशी आमची लायकीही नव्हती. ती हात पुसत उठली, आत गेली आणि तान्ही पोर खांद्यावर घेऊन बाहेर आली. पोरीचा चेहरा लाल, मान टाकलेली.

"ही सकाळपासून तापलीय," चौसिकू म्हणाली. "तीनदा दूध ओकली. मी कोणाकडेच नेणार नव्हते. ना तुमच्याकडे, ना याच्याकडे."

सिवेमाबीबीने हात पुढे केले. चौसिकूने पोर दिली नाही. पाठीशी घेऊन कांग्याने करकचून बांधली, दोन गाठी मारल्या.

"मीच नेणार," ती म्हणाली. "तुम्ही बसलात काय, उठा. आणि डाक्टर, तुम्ही पुढे पळा. सुई तयार ठेवा."